नागपूरच्या पावसात गळ टाकताना अंगावर काय घालावं

जून उजाडला की बर्डीच्या मेन रोडवर रेनकोटांचे ढीग लागतात. त्यातला जवळपास प्रत्येक रेनकोट स्कूटरवाल्यासाठी शिवलेला असतो. माणसाला घरून ऑफिसपर्यंत कोरडं पोचवलं की त्याचं काम संपलं. तळ्याकाठी तीन-चार तास बसणं, हात डोक्यावर नेऊन गळ फेकणं, ओल्या दगडावर टेकणं, चिखलातून पाय ओढत चालणं, यातलं काहीच त्याच्या हिशेबात धरलेलं नसतं. पहिल्या पावसाळ्यात नवखे लोक घरात पडलेला स्कूटरचा रेनकोट घेऊन निघतात आणि दुपारपर्यंत वैतागून परततात. दोष पावसाचा नसतो.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण पाऊस पडतोय म्हणून थंडी वाजतेच असं आपल्याकडे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचा पारा तिशीच्या आसपास असतो आणि हवेत दमटपणा इतका, की दोरीवरचा रुमाल दोन दिवस वाळत नाही. अशा हवेत जाड प्लास्टिकचा बंद कोट घातला तर अर्ध्या तासात आतला शर्ट घामानं चिंब होतो. बाहेरून थेंब शिरला नाही तरी तुम्ही भिजलेलेच. त्यामुळे इथं रेनकोट निवडताना तो पाणी किती अडवतो हे एकदा बघायचं आणि हवा किती खेळू देतो हे दोनदा.

आधी तळं, मग कोट

खरेदीला निघण्याआधी गळ कुठं टाकणार ते ठरवा. आपल्याकडचे बरेच तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, त्यामुळे काठावर बसण्याआधी तिथल्या लोकांना विचारणं भाग आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहात मासेमारीला बंदी आहे, तिकडचा विचारही नको. पावसाळा हा रोहू, कटला, मृगळ यांच्या विणीचा काळ. पोट फुगलेली अंड्यांची मादी गळाला लागली तर परत सोडा. कुठं पूर्ण मनाई असेल तर तिथं बसूच नका.

जागा ठरली की पायाखाली काय असणार ते कळतं आणि अर्धी खरेदी त्यावरच ठरते. धरणाच्या भिंतीचं दगडी पिचिंग वेगळं, कन्हान नदीच्या काठची रेती वेगळी आणि शेताच्या बांधावरून उतरून गाठायचं काळ्या मातीचं तळं त्याहून वेगळं.

मग पाऊस. मृगाचा पाऊस वाऱ्यासकट येतो, तासभर झोडपतो आणि निघून जातो. वर कडकडाट. त्यात मासे धरायला बसण्यात अर्थ नाही, कोट कितीही भारी असो. आषाढ-श्रावणातली झड मात्र वेगळी. दोन-दोन दिवस बारीक धार थांबत नाही, वारा बेताचा, ऊन नाही. गळवाल्यांचा खरा मोसम हाच आणि आपण जे सामान घेणार ते या झडीसाठी. पोळ्यानंतरचा पाऊस दुपारी अचानक येतो आणि आधी-नंतर चटका बसेल असं ऊन असतं. त्या दिवसांत चटकन चढवता-उतरवता येईल आणि घडी होऊन पिशवीत मावेल असा कोट बरा.

कापड

दुकानात साधारण तीन जाती दिसतील.

पहिली पीव्हीसीची. चकचकीत, जड, स्वस्त. पाण्याचा थेंब आत येत नाही आणि घामाचा थेंब बाहेर जात नाही. काट्याकुट्यात फाटत नाही, चिखल पाण्यानं धुतला जातो. नावेतून जाळं ओढणाऱ्यांना तो चालतो, कारण जाळ्याचं पाणी सतत अंगावर येत असतं. काठावर बसणाऱ्याला तो भट्टी वाटेल.

दुसरी, पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या कापडाला आतून पीयूचा (पॉलीयुरेथेन या लवचीक प्लास्टिकचा) थर दिलेली. हलकी, घडी होणारी, आवाज कमी करणारी. नवख्यानं हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. साधा दोन तुकड्यांचा सूट बेताच्या पैशात मिळतो आणि नीट सांभाळला तर तीन-चार पावसाळे काढतो.

तिसरी म्हणजे ट्रेकिंगच्या दुकानातली ‘ब्रीदेबल’ जाकिटं. त्यात एक बारीक छिद्रांचा पडदा असतो. त्यातून वाफ बाहेर जाते, पण पाण्याचा थेंब आत येत नाही. कल्पना उत्तम आहे. पण वाफ बाहेर पडायची तर आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच उबदार आणि दमट असावी लागते. हिमालयात तसं असतं. ऑगस्टच्या नागपुरात बाहेरची हवाच वाफेनं भरलेली, मग घाम जाणार कुठं? शिवाय झडीत वरचं कापड ओलं होऊन बसलं की उरलीसुरली वाटही बंद होते. एवढे पैसे टाकून आपल्याकडे फरक थोडाच पडतो. तुम्ही थंडीच्या मुलखातही हिंडत असाल तर घ्या, नुसत्या तळ्यासाठी नको.

या जाकिटांच्या चिठ्ठीवर ३,००० मिमी, ५,००० मिमी, १०,००० मिमी असे आकडे असतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते झिरपायला लागतं, त्याचं हे माप. उभ्यानं झडीत राहायला ५,०००च्या आसपासचं कापड पुरतं. बसल्यावर किंवा गुडघा टेकल्यावर मात्र अंगाचा सगळा भार ओल्या जमिनीवर येतो आणि पाणी आत दाबलं जातं. म्हणून पँटचा आकडा जाकिटापेक्षा मोठा असलेला बरा. लोक नेमकं उलट करतात, जाकीट महागाचं घेतात आणि पँट कोणतीही उचलतात. फुटपाथवरच्या मालावर आकडा नसतोच, तिथं हातानं तपासायचं. ते पुढं सांगतो.

विंडचीटरला रेनकोट समजू नका. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं काहीही पंधरा मिनिटांच्या भुरभुरीपुरतं असतं. नवं असताना त्यावर पाणी अळवाच्या पानावर थांबावं तसं थांबतं आणि दुकानदार बाटलीतलं पाणी शिंपडून तेवढंच दाखवतो. तो वरचा मुलामा. थोड्या धुण्या-वापरण्यानंतर जातो.

शिवण उलटून बघा

कापड पाणी अडवतं, पण सुईनं त्याला हजारो भोकं पाडलेली असतात. जाकीट उलटं करा. प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक किंवा करडी पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. खांदे, काख आणि टोपी जिथं गळ्याला जोडली आहे ती जागा, या तीन ठिकाणी मुद्दाम बघा, कारण पट्टी वाचवायची तर कारखानदार इथंच वाचवतो. पट्टीचं टोक नखानं हळूच उचलून पाहा. नव्या मालातच ती सुटत असेल तर श्रावण संपेपर्यंत टिकणार नाही. पँटमध्ये दोन पायांच्या मधली शिवण तपासा, बसल्यावर सगळा ताण तिच्यावर येतो.

पुढच्या चेनवर झाकण हवं. एका पट्टीपेक्षा दोन पट्ट्या बऱ्या, एक आत वळलेली आणि एक बाहेर. नुसती उघडी चेन असेल तर पाऊस समोरून आला की पोटावर ओली रेघ उमटते.

अंगावर घालून काय बघायचं

इथं घाई करू नका. दुकानदार म्हणेल, “भाऊ, साईज परफेक्ट आहे, काऊन एवढं बघता?” बघू द्या म्हणावं.

एक माप मोठं घ्या, म्हणजे अंग आणि कापड यांच्यात हवा राहते. ते घालून दोन्ही हात डोक्यावर न्या, गळ फेकल्यासारखा झटका द्या. जाकीट कमरेवरून वर सरकून पाठ उघडी पडली तर ते बाद. मग उकिडवे बसा. पँट गुडघ्यात ताणली गेली तर तीही बाद.

हवेची वाट शोधा. काखेत चेन असेल तर उत्तम. पाठीवर आडवी झडप आणि तिच्या आत जाळी असेल तरी चालेल. काही स्वस्त सुटांना काखेत फक्त धातूच्या कड्यांची चार-पाच भोकं असतात, त्यांचा उपयोग नावापुरता. यातलं काहीच नसेल आणि कापड गुळगुळीत, बिनअस्तराचं असेल तर ते दमट अंगाला चिकटणार हे नक्की. आत जाळीचं अस्तर असलं की ते चिकटणं टळतं. फक्त जाळीत गळ अडकला की सुटता सुटत नाही, म्हणून खिशाच्या आत आणि मनगटापाशी जाळी नसलेलीच पाहा.

आता मनगट. पावसात मासे धरणाऱ्याचं सर्वांत दुर्लक्षित दुखणं हे. रॉड वर उचलला की हात उभा राहतो. रॉडवरून, रिळावरून, बोटांवरून आलेलं पाणी मनगटाशी जमतं, बाहीत शिरतं आणि थेट कोपरापर्यंत उतरतं. दोन तासांत कोपराजवळचा शर्ट पिळून काढावा इतका ओला होतो आणि माणूस म्हणतो रेनकोट गळतो. गळत नसतो, पाणी समोरच्या दारानं आलेलं असतं. यावर चांगली बाही म्हणजे दुहेरी, आत घट्ट इलॅस्टिकची आणि बाहेर सैल. तशी मिळाली नाही तर सायकलच्या जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंद कडं कापा आणि बाहीवरून मनगटावर चढवा, फार आवळणार नाही असं. त्याखाली टॉवेलच्या कापडाचा मनगटबंद घातला की चुकार पाणी तो पितो. अधूनमधून पिळायचा, बस.

मनगटाला वेल्क्रो असलेले कोट स्कूटरवर ठीक. काठावर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, त्यात गुंतते, गळाचं टोक त्यात रुततं आणि चिखल भरला की वेल्क्रो धरत नाही. गळ्याशी लोंबणाऱ्या लांब नाड्याही अशाच. त्या आत खोचता येत नसतील तर कापून आखूड करा आणि टोकाला गाठ मारा.

टोपी चढवून मागं वळून बघा. डोकं वळलं आणि टोपी तिथंच राहिली तर तुम्हाला फक्त अस्तर दिसेल. मागं पट्टी आवळायची सोय असलेली टोपी डोक्याबरोबर फिरते. चष्मा असेल तर आतून साधी क्रिकेटची कॅप घाला, तिचा पुढचा पत्रा टोपीला कपाळापासून वर धरतो आणि काचेवर थेंब कमी येतात. टोपीनं कान पूर्ण झाकू नका. ढगांचा गडगडाट ऐकू यायला हवा.

खिसे बाहेरून झाकलेले असावेत आणि तळाशी पाणी निघायला छोटं भोक असावं. नाहीतर खिसा म्हणजे डबकं. मोबाइलचा भरवसा कुठल्याच खिशावर ठेवू नका, तो चेनच्या प्लास्टिक पिशवीत.

रंगाचं म्हणाल तर पावसात तळ्याचं पाणी गढूळ असतं आणि माशाला तुमच्या कोटापेक्षा काठावर आपटलेल्या पायाचा हादरा आधी कळतो. मी भगवा किंवा पिवळाच सांगेन. धुक्यासारख्या पावसात सोबत्याला तुम्ही दिसले पाहिजेत.

लांब कोट, पोंचो, छत्री

गुडघ्याखाली येणारा लांब कोट काठावर पायात येतो आणि उतारावर घसरवतो. पोंचोत हवा भरपूर खेळते, पाठीवरची पिशवीही झाकली जाते. पण वारा सुटला की तो फडफडतो आणि गळ फेकताना त्याच्या कडेत तंगूस अडकते. तरंग (दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा) टाकून एका जागी शांत बसणार असाल तर पोंचो चालेल, सतत फेकत-ओढत मरळ मासा शोधणार असाल तर नाही. छत्री झडीत बसल्याजागी सुख देते, पण तिच्यासाठी तिसरा हात लागतो.

कमरेखाली

कन्हानच्या काठावर जुन्या लोकांना पाहा. डोक्यावर-पाठीवर प्लास्टिकची खोळ, खाली गुडघ्यापर्यंतची अर्धी चड्डी, पाय उघडे. हे गरिबीचं लक्षण समजू नका, त्यामागं हिशेब आहे. उबदार पावसात पाय ओले झाले तर बिघडत नाही, ते पुसले की वाळतात. छाती, पाठ आणि डोकं कोरडं राहिलं की माणूस दिवसभर टिकतो. तुम्हीही ऐन उकाड्यात वर जाकीट आणि खाली पटकन वाळणारी पॉलिस्टरची हाफपँट असं करून पाहू शकता. डास आणि जळवांची तयारी ठेवा.

गवतातून जायचं असेल किंवा वाऱ्यासकट झड असेल तेव्हा पँट हवीच. पायाच्या तळाशी चेन किंवा बटण असावं, म्हणजे बूट न काढता ती चढते. ती नेहमी बुटाच्या वरून सोडायची, आत खोचायची नाही. खोचली की पँटवरून घरंगळलेलं सगळं पाणी बुटात जमतं. बसायला धुतलेली युरियाची गोणी घडी करून न्या, तिच्या पोटात थर्माकोल किंवा फोमचा तुकडा. बुडाखालची ओल गेली की स्वस्त पँटही पुरते.

आत सुती कपडे आणि जीन्स नको. सुती कापड एकदा ओलं झालं की ओलंच राहतं, जड होतं, मांड्या घासतात. खेळाचा पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला. एक कोरडा जोड पिशवीत बांधून गाडीत ठेवा, परतीच्या वाऱ्यात त्याची किंमत कळते.

पाय

काळ्या मातीचं तळं असेल तर गमबूट. चिखलात पाय रुतला की चप्पल तिथंच राहते आणि गवतात साप-विंचवाची भीती असते. पिंडरीपर्यंत उंच, तळाला खोल खाचा, मोज्यासकट अर्धं माप मोठा. हे बूट फॅशनच्या दुकानात शोधू नका, कारखान्यांना आणि शेतीला सामान पुरवणाऱ्या दुकानांत टिकाऊ आणि स्वस्त मिळतात. पण गमबूट घालून पाण्यात उतरायचं नाही. वरून पाणी भरलं की तो दगडासारखा जड होतो आणि रुतलेला पाय निघत नाही.

दगडी पिचिंगवर, शेवाळ असेल तिथं गमबूट घसरतो. तिथं मागून पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल बरी. घरी आल्यावर पाय साबणानं धुवा, बोटांच्या मधली जागा कोरडी करा. नाहीतर चिखल्या होतात आणि आठवडाभर चालताना जीव जातो. पायावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका.

घरी आणल्यावर परीक्षा

बिल जपून ठेवा आणि त्याच दिवशी तपासा. जाकिटाच्या पाठीचा भाग बादलीवर खोलगट धरून त्यात तांब्याभर पाणी ओता, खाली वर्तमानपत्र ठेवा, अर्धा तास थांबा. कागदावर डाग पडला तर परत करा. मग फिक्या रंगाचा सुती शर्ट घालून वरून पूर्ण सूट चढवा आणि न्हाणीघरात शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा. त्यातली निम्मी वेळ हात वर. घरचे हसतील. नंतर शर्टवर ओल कुठं आहे ते बघा. खांद्यावर असेल तर शिवण, गळ्याशी असेल तर टोपी, कोपराशी असेल तर मनगट. पहिल्याचा इलाज दुकानदाराकडे, बाकी दोहोंचा तुमच्याकडे.

वीज असेल तर कोट काढा आणि घरी जा

रेनकोट, गमबूट, काहीही विजेपासून वाचवत नाही. कार्बनचा रॉड तर वीज वाहून नेतो आणि मोकळ्या काठावर सर्वांत उंच टोक तुमच्याच हातात असतं. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की रॉड खाली टाकून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये घालून ठेवा, ते जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देतं.

पाणी किती लवकर चढतं हे २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अख्ख्या नागपूरनं पाहिलं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. सांडव्याच्या खाली आणि नाल्याच्या तोंडाशी मासे चांगले लागतात हे खरं, पण जोराच्या पावसात ती जागा सोडायची.

वाळवणं आणि डागडुजी

परत आल्यावर कोट साध्या पाण्यानं धुवा. कपड्यांची पावडर लावलीच तर खळखळून काढा, आणि कपडे मऊ करणारं द्रव्य अजिबात नको, त्यानं वरचा मुलामा जातो. आधी उलटा टांगून पंख्याखाली वाळवा, मग सुलटा. इस्त्री नाही. झडीच्या दिवसांत ओला कोट घडी करून ठेवला की दोन दिवसांत बुरशीचा वास मारतो.

गळानं पडलेलं भोक बारीक दिसतं म्हणून सोडू नका, ते कापडाच्या वाटेनं वाढत जातं. सायकल पंक्चरचं सोल्युशन पीव्हीसीवर नीट धरत नाही. पीव्हीसीला पीव्हीसीचाच डिंक आणि त्याच जातीचा तुकडा लावा, पीयूच्या कापडाला तंबू दुरुस्तीची चिकटपट्टी. पट्टीचे कोपरे कात्रीनं गोल करा, टोकदार कोपरे आधी सुटतात. काठावर अचानक फाटलं तर कोरडं पुसून चिकटपट्टी मारा आणि घरी आल्यावर काढा, नाहीतर तिचा चिकटा कायमचा बसतो.

दिवाळीच्या आधी पूर्ण वाळवून, घडी न घालता सैल गुंडाळून ठेवा, कारण घडीच्या रेषेवरच थर तडकतो. जागा थंड निवडा. टिनाच्या छपराखालचा माळा आणि स्कूटरची डिक्की नको. आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्या उष्णतेनं पीयूचा थर चिकट होऊन सुटायला लागतो आणि पुढच्या मृगाला कोट उघडला की आतून पांढरे पापुद्रे निघतात. कपाटाचा खालचा कप्पा किंवा पलंगाखालची पेटी बरी.